शितावरून रानाची परीक्षा

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघून कात्रजचा घाट ओलांडला म्हणजे कांहीं वेळानें नसरापूर लागतें. येथून उजव्या हातास फुटणारा रस्ता गुंजवणीच्या खोऱ्यांतून वेल्ह्यास, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याशीं, जातो. आणि तसेंच पुढें कापूरहोळास जाऊन वळलें तर भाटघरच्या धरणाजवळून भोरास पोंचतां येतें. इतिहासप्रेमी वाचकांस या मुलुखाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर हीं नांवें आपल्या घरांतील शाळकरी मुलांसही पाठ असतात, आणि वेल्हे तालुक्यास अलीकडे राजगड हें नांव मिळालें तेंही याच अभिमानापोटीं. परंतु आम्ही यंदा पितृपक्षांत चार दिवस या खोऱ्यांत काढले ते गड चढण्याकरितां नव्हेत. आमची भाची पुण्याच्या एका महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राच्या वरच्या परीक्षेचा अभ्यास करीत आहे. तिला आपल्या प्रबंधासाठीं इकडील रानांतील झाडें, झुडपें, गवतें आणि ओढ्यांतील शेवाळें मोजावयाचीं होतीं. पितृपक्षांत लग्नमुंजी नाहींत, सणवार नाहींत. तेव्हां वडील माणूस म्हणून आम्हीं आणि ओझें उचलण्यास म्हणून आमच्या पुतण्यानें तिच्याबरोबर जावें असें घरांत ठरलें. निघतांना डब्यांत दशम्या भरतां भरतां वहिनी म्हणाल्या, "अहो, रानांतलीं झाडें मोजून कधीं संपावयाचीं? त्यापेक्षां आकाशांतील तारे मोजा." त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. चार दिवसांत जें समजलें तें पुढें सांगत आहों.

हा मुलूख नकाशावर लहान दिसतो, पण त्यांतील पावसाचा उतार मोठा विलक्षण आहे. पश्चिमेस केळद, शिरगांव, वरंध्याच्या बाजूस जेथें घाटमाथा एकाएकीं तुटून खालीं महाडकडचें कोकण दिसूं लागतें, तेथें आषाढांत आठवडा आठवडा सूर्यदर्शन होत नाहीं. तेथून पूर्वेकडे नसरापुराच्या अंगास यावें तों भाताचीं खाचरें विरळ होतात आणि ज्वारीचीं शेतें दिसूं लागतात. सरळ रेषेंत मोजलें तर हें अंतर तीस-पस्तीस किलोमीटरांहून फारसें अधिक नसेल; परंतु एवढ्या अंतरांत रानाचें रूप पार पालटतें. घाटमाथ्यास अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची दाट सावली. मधल्या डोंगरउतारांवर ऐन, किंजळ, बेहडा आणि त्यांच्या पायाशीं कारवीचें रान. पूर्वेस खैर, बोर, बाभूळ. यांखेरीज कड्यांच्या माथ्यावर जे उघडे खडकाळ सडे आहेत त्यांचें जग निराळेंच. तेथें बोटभर मातीच्या थरांत पांढऱ्या गेंदाच्या घुंड्या, सीतेच्या आसवांचीं निळीं-जांभळीं फुलें, पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा हीं सारीं दीड-दोन महिन्यांत उगवून, फुलून, बीं टाकून नाहींशीं होतात. सीतेचीं आसवें ही वनस्पति आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यांतील बारीक जीव पकडून त्यांवर पोसते, असें भाचीनें सांगितलें तेव्हां पुतण्यानें त्या नाजुक फुलाकडे कांहीं वेळ संशयानें पाहिलें.

आतां कोणती वनस्पति कोठें उगवते हें शोधून लिहून ठेवण्याचें काम आपल्या इलाख्यांत पुष्कळ जुनें आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे एके काळचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला, आणि आजही येथील विद्यार्थ्याचें पान त्या ग्रंथावांचून हालत नाहीं. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे कलकत्ता विश्वविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते; निवृत्तीनंतर पुण्यास येऊन त्यांनीं १९४६ सालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी केली. तिच्या संशोधनमंदिरास आतां त्यांचेंच नांव आहे. आणि घरगुती पातळीवर बोलावयाचें तर गणपतीच्या एकवीस पत्री ओळखून आणणारी आमची आजी हीही आपल्या परी वनस्पतिशास्त्रज्ञच होती. आघाडा कोठल्या बांधावर मिळेल, डोरली कोठें, माका कोणत्या ओलाव्यास, हें तिला पंचांगाइतकें बिनचूक ठाऊक असे.

परंतु "कोणतें झाड आहे" हा एक प्रश्न आणि "किती आहे" हा दुसरा. कुकसाहेबांचा ग्रंथ अमुक झाड भोराकडे आढळतें एवढें सांगेल. तें शंभरांत एक आहे कीं शंभरांत नव्वद, मागच्या पिढीपेक्षां वाढलें कीं घटलें, हें त्यांत सांपडणार नाहीं. तें कळण्यास मोजणीच पाहिजे, आणि सर्व रान मोजणें तर ब्रह्मदेवासही शक्य नाहीं. येथें आपल्या स्वयंपाकघरांतील न्याय उपयोगी पडतो. शितावरून भाताची परीक्षा! तपेल्यांतील प्रत्येक शीत कोणी चेपून पाहत नाहीं. मात्र या म्हणींत एक गोष्ट गृहीत आहे, ती भाचीनें आमच्या ध्यानांत आणून दिली. भात सगळीकडे सारखा शिजतो, म्हणून एका शितानें भागतें. तपेलें तळाशीं करपलेलें आणि वर कच्चें असेल तर वरचें शीत खोटी साक्ष देईल. रान हें असेंच, एकसारखें न शिजलेलें तपेलें आहे. ओढ्याकांठचें रान निराळें, कड्याखालचें निराळें, गांवाजवळचें गुरांनीं खाल्लेलें निराळें. म्हणून शितें पुष्कळ घ्यावीं लागतात, निरनिराळ्या जागचीं घ्यावीं लागतात, आणि मुख्य म्हणजे तीं आपल्या आवडीनें वेंचूं नयेत.

ही शेवटची अट पाळणें फार कठीण. पहिल्याच दिवशीं त्याचा प्रत्यय आला. भाचीनें घरूनच नकाशावर चौकोनांचें जाळें आंखून आणलें होतें आणि सोडतीसारखे अंक काढून त्यांतील कांहीं चौकोन ठरविले होते. त्यांतील एक नेमका करवंदीच्या जाळींत पडला. पुतण्या म्हणाला, "ताई, दहा पावलांवर जांभळाखालीं छान सावली आहे, तेथें सुतळी बांधूं." ती म्हणाली, "तसें केलें तर तो रानाचा नमुना राहणार नाहीं, तुझ्या आवडीचा होईल." मग तिघांनींही अंगावर ओरखडे घेत जाळींत शिरून खुंट्या ठोकल्या.

हा हट्ट नुसता विद्यार्थिनीचा नाहीं. त्यामागें एका मराठी पुरुषाच्या पराक्रमाची परंपरा आहे. पिकाचा अंदाज बांधण्याची आपल्याकडील जुनी रीत म्हणजे आणेवारी. अधिकाऱ्यानें बांधावर उभें राहून नजरेनें पाहावयाचें आणि पीक इतके आणे म्हणून लिहावयाचें. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत दिल्लीच्या कृषिसंशोधन परिषदेंत असतांना याच्या उलट मार्ग रूढ केला. सोडतीनें गांव निवडावयाचें, सोडतीनें शेत, सोडतीनेंच शेतांतील तुकडा. तेवढ्या तुकड्याचें पीक कापून, मळून, वजन करून पाहावयाचें. बंगालमध्यें प्रशांतचंद्र महालनवीस यांनीं तागाच्या पिकाकरितां अशीच खटपट केली होती. नजर पक्षपाती असते. अंकांच्या सोडतीला आवडनिवड नाहीं. अमेरिकेंतील नेब्रास्काच्या गवताळ रानांत पाउंड आणि क्लेमेंट्स या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनाही १८९८ च्या सुमारास हाच अनुभव आला. वर्षानुवर्षें हिंडून ज्या वनस्पति विपुल आहेत असें त्यांना वाटे, त्या जमिनीवर चौकट आंखून एक एक रोप मोजल्यावर तितक्या नव्हत्याच. ठळक फुलाची वनस्पति डोळ्यांत भरते आणि मनांत तिची संख्या फुगते.

चौकट म्हणजे दुसरें कांहीं नाहीं. चार खुंट्या आणि सुतळी. मोठ्या वृक्षांसाठीं दहा मीटर लांब-रुंद, झुडपांसाठीं पांच मीटर, गवतासाठीं एक मीटर. आंतील प्रत्येक वृक्षाचें नांव लिहावयाचें आणि जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीस, त्याच्या खोडाचा घेर शिंप्याच्या फितीसारख्या फितीनें मोजावयाचा. जें ओळखूं येणार नाहीं त्याची डहाळी वर्तमानपत्राच्या घडींत घालून लांकडी फळ्यांत दाबावयाची. हें काम ऐकावयास सोपें वाटतें. प्रत्यक्षांत जळवा, निसरडे दगड, कागदावर टपटपणारें पाणी आणि पेन्सिलीचें टोंक मोडलें म्हणून होणारे तंटे यांत एक चौकट सबंध सकाळ खाते. पहिल्या चौकटींत जवळजवळ प्रत्येक झाड नवें; दुसरींत निम्मीं नवीं; पुढें पुढें नव्या नांवांची आवक मंदावत जाते. चौकटींची संख्या आडव्या रेषेवर आणि एकूण जाति उभ्या रेषेवर मांडल्या तर जी वक्ररेषा निघते ती प्रथम जोरानें चढते आणि मग हळूहळू आडवी होऊं लागते. ती आडवी झाली म्हणजे समजावें कीं सुतळी गुंडाळण्याची वेळ जवळ आली.

रात्रीं भोरास मुक्कामीं दिव्याखालीं हिशेब चाले. येथें गणिताचा थोडा प्रसाद वाचकांस देणें प्राप्त आहे. शाळेंतील मुलांनीं तो करून पाहावा. समजा, दोन रानें आहेत. दोहोंत शंभर शंभर झाडें आणि पांच पांच जाति. पहिल्या रानांत एका जातीचीं शहाण्णव झाडें आणि उरलेल्या चार जातींचें एक एक. दुसऱ्यांत प्रत्येक जातीचीं वीस. नुसत्या जाति मोजल्या तर दोन्ही रानें सारखीं; परंतु पहिल्या रानांतून चालणाऱ्या माणसास एकच झाड पुन्हां पुन्हां भेटेल. हा भेद अंकांत कसा आणावा? एडवर्ड सिम्प्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानें १९४९ सालीं सोपी युक्ति सांगितली. डोळे मिटून एका झाडास हात लावा, पुन्हां डोळे मिटून दुसऱ्यास लावा. दोन्हीं झाडें निरनिराळ्या जातींचीं निघण्याचा संभव किती? पहिल्या रानांत तो शंभरांत आठही भरत नाहीं, दुसऱ्यांत शंभरांत ऐंशीं. त्याच्याच आदल्या वर्षीं क्लॉड शॅनन यानें तारायंत्र-टेलिफोनच्या संदेशांत माहिती किती हें मोजण्यासाठीं एक सूत्र काढलें होतें. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तें उसनें घेतलें. पुढचें झाड कोणतें येईल याविषयीं आपण जितके साशंक तितकी रानाची विविधता अधिक, असा त्याचा मतितार्थ. त्या सूत्रानें पहिल्या रानास ०·२२ आणि दुसऱ्यास १·६१ असे गुण मिळतात, आणि त्यांचें सुगम भाषांतर केलें तर पहिलें रान नांवाला पांच जातींचें असलें तरी वस्तुतः सव्वा जातीचेंच आहे असें निघतें. "सव्वा जातीचें रान" हा शब्दप्रयोग आमच्या पुतण्यास इतका आवडला कीं परतीच्या वाटेवर सर्व उसाचे फड त्यानें याच नांवानें पुकारले.

पुणें विद्यापीठांत संख्याशास्त्राचे अध्यापक राहिलेले अनिल गोरे आणि शरयू परांजपे यांनीं या जीवसृष्टीच्या गणितावर एक पाठ्यग्रंथच लिहिला असून तो २००१ सालीं परदेशांत प्रसिद्ध झाला. रानांत हिंडणारे आणि कागदावर गणित मांडणारे असे दोन वर्ग आपल्याकडे बहुधा एकमेकांशीं बोलत नाहींत. पुण्यास ते बोलूं लागले ही समाधानाची गोष्ट होय.

तिसरा दिवस शेवाळांचा. शेवाळ म्हटलें कीं आपणांस न्हाणीघरांतील निसरड आठवते आणि ती घासून काढण्यापलीकडे तिच्याविषयीं आपणांस आस्था नसते. परंतु या खोऱ्यांत डोळे उघडे ठेवून चालावें तों शेवाळें किती रूपांनीं भेटतात! घाटांतील खडकांवर आणि झाडांच्या सालींवर नारिंगी मखमल पसरलेली दिसते. ती बुरशी नव्हे, ट्रेंटेपोलिया नांवाचें शेवाळ आहे, आणि शास्त्रानें तें हिरव्या शेवाळांच्या कुळांतलें. गाजरास रंग देणारें द्रव्य अंगीं असल्यानें त्याचा हिरवेपणा झांकला जातो. पहिल्या पावसानंतर माळावर जे हिरवट-काळसर लिबलिबित पापुद्रे दिसतात तें नोस्टॉक. डबक्यांत तरंगणारे केसांसारखे मऊ झुबके स्पायरोगायराचे. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांच्या प्रत्येक पेशींत हिरवी पट्टी मळसूत्रासारखी फिरलेली दिसते. आणि ओढ्यांतील दगडांवर जो तपकिरी बुळबुळीत लेप असतो त्यांत डायाटम नांवाचीं शेवाळें असतात, ज्यांचीं घरें कांचेच्या जातीच्या द्रव्याचीं, नक्षीदार डबीसारखीं. दांत घासण्याच्या ब्रशानें दगड घासून तो लेप बाटलींत भरावयाचा हें काम पुतण्यानें मोठ्या निष्ठेनें केलें. पुढें प्रयोगशाळेंत आम्लानें सेंद्रिय भाग जाळून नुसत्या कांचेच्या डब्या उरवितात, आणि तीनशें-चारशें डब्या ओळखून मोजतात. येथेंही शितावरून भाताचीच परीक्षा. फरक इतकाच कीं तपेलें म्हणजे पाण्याचा एक थेंब.

भाताच्या खाचरांत साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवें शेवाळ येतें तें शेतकरी उपेक्षितो, पण त्याचें उपकार मोठें आहेत. पी. के. डे या बंगाली शास्त्रज्ञानें १९३९ सालीं दाखवून दिलें कीं खाचरांतील निळीं-हिरवीं शेवाळें हवेंतील नायट्रोजन धरून जमिनीस देतात. पिढ्यान् पिढ्या एकाच खाचरांत भात घेऊनही जमीन अगदींच निःसत्त्व कां होत नाहीं, याचें पुष्कळसें उत्तर त्या बुळबुळीत थरांत आहे. आणि शेवाळें नुसतीं उपकारीच नाहींत, साक्षीदारही आहेत. पामर नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६९ सालीं वीस वंशांची यादी केली. घाण पाण्यांत सुखानें राहणाऱ्या युग्लेना, ऑसिलेटोरिया यांसारख्यांस पांच गुण, इतरांस कमी. बेरीज वीस किंवा अधिक भरली तर त्या पाण्यांत सांडपाण्याचा शिरकाव झाला असें समजावें. घाटमाथ्याच्या ओढ्यांतून बाटली भरतांना आमची भाची हंसत होती; गांवाखालच्या ओढ्याशीं, जेथें कपडे धुण्याचा फेंस आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या एकत्र अडकल्या होत्या, तेथें ती गप्प झाली.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. हिशेबाच्या दुसऱ्या रात्रींच एक चमत्कार दिसला होता. गांवालगतच्या, गुरांनीं तुडविलेल्या, कडेनें तोडलेल्या उतारावरील चौकटीस विविधतेचे गुण अपेक्षेहून फार अधिक मिळाले. देवीच्या दाट राईंतील चौकटीच्या ते जवळपास होते. आम्ही गोंधळलों. तेव्हां भाचीनें दोन्हीं याद्या शेजारीं ठेवल्या. उतारावरील यादींत घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, टाकळा. राईंतील यादींत अंजनी, जांभूळ, आंबा आणि मांडवाच्या खांबाएवढ्या जाडीच्या वेली. घाणेरी आणि रानमोडी अमेरिकेकडून आलेल्या. गाजरगवताची तर पुण्याजवळ प्रथम दखल घेतली गेली ती १९५५-५६ च्या सुमारास. सूत्रास हें कांहीं कळत नाहीं. दहा वाटसरू आणि दहा घरचीं माणसें त्यास सारखींच. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ झकार यानें शतकाच्या आरंभीं दुसरें माप दिलें तें अशा वेळीं कामास येतें. दोन याद्यांत मिळून जाति किती, आणि त्यांतील दोहोंत सामाईक किती? सामाईक भाग अगदींच थोडा निघाला. म्हणजे गुण सारखे असले तरी रानें परकीं होतीं. आमच्या मतें ज्यांना विविधतेचा एकच आंकडा छापून समाधान मानण्याची संवय लागली आहे त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

देवीच्या राईविषयीं अधिक सांगितलें पाहिजे. या मावळांत गांवोगांवीं देवराया आहेत. कुठें काळकाई, कुठें शिरकाई, कुठें वाघजाई, जननी. बहुधा मातृदेवता, बहुधा शेंदूर माखलेला अनगड तांदळा, आणि भोंवतीं कुऱ्हाड न लागलेलें रान. कित्येक राईंत पडलेली काटकीही चुलीसाठीं उचलीत नाहींत. विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत सह्याद्रींतील या राया पायीं हिंडून पाहिल्या आणि १९७५-७६ सालीं त्यांवर निबंध लिहून शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वेधलें. भोंवतालचा डोंगर उजाड झाला तरी मूळच्या रानाचा कांहीं अंश येथें जिवंत आहे, हें त्यांनीं जगाच्या नजरेस आणलें. डोंगर उजाड कसा झाला तीही कथा गाडगीळांनीं १९७९ सालीं लिहून ठेवली आहे. पानशेतच्या धरणासाठीं खोऱ्यांत रस्ता झाला. (हेंच धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटून पुण्यावर अनर्थ ओढवला होता.) रस्त्यामागून कोळशाचे ठेकेदार आले, मालकी जमिनींवरील झाडें कवडीमोलानें विकत घेऊन त्यांच्या भट्ट्या लावल्या गेल्या. ज्यांचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं तीं कुटुंबें वरच्या चढावर नांगर घेऊन गेलीं. जो हिरडा, जें जांभूळ शेतकऱ्यानें फळासाठीं आणि राबाच्या डहाळ्यांसाठीं पिढ्यान् पिढ्या राखलें होतें, तें पोत्यांतून शहरांतील शेगड्यांकडे गेलें. आम्ही लहान असतांना पुण्याच्या आमच्या घरीं कोळशाची शेगडी होती. तो कोळसा कोठून येई हें तेव्हां कोणीं विचारलें नाहीं.

ज्या राईंत आमच्या चौकटी पडल्या तिचें व गांवाचें नांव आम्ही देत नाहीं, कारण तेथील गोष्ट अजून निकालास लागलेली नाहीं. देऊळ जुनें, कौलारू, एका बाजूनें खचलेलें. गांवचीं जीं माणसें मुंबई-पुण्यास नोकरीधंद्यांत आहेत त्यांनीं जीर्णोद्धारासाठीं वर्गणी जमविली आहे. सिमेंटचें शिखर, पुढें सभामंडप, आणि देवळापर्यंत मोटार जाईल असा रस्ता. भक्ति खरी आहे, पैसा घामाचा आहे. त्यांना नांवें ठेवणें सोपें असलें तरी न्यायाचें नाहीं. पावसांत भिजत उभें राहून आरती करणाऱ्या म्हातारीला मंडप हवासा वाटला तर त्यांत वावगें काय? पण रस्त्याच्या आणि मंडपाच्या आड येणाऱ्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढले गेले होते.

देवीचे गुरव दोन दिवस आमच्या सुतळीच्या उलाढाली दुरून पाहत होते. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ते जवळ येऊन बसले आणि भाचीस म्हणाले, "ताई, येवढं मोजलं, काय निघालं मग?" तिनें वही उघडून त्यांना एक एक नांव वाचून दाखविलें. गुरवांनीं तीन ठिकाणीं तिची दुरुस्ती केली; अमुक झाडास इकडे अमुक म्हणतात, त्याची साल गुरांच्या जखमेस लावतात, वगैरे. मग तिनें जीं नांवें संबंध मोजणींत एकदांच आलीं होतीं त्यांवर बोट ठेवलें. त्यांतील दोन चुन्याच्या पट्ट्यांत होतीं. एक मोठा गारंबीचा वेल, ज्याच्या तलवारीसारख्या दोन-दोन हात लांब शेंगा लहान मुलांनीं पूर्वीं पाहिल्या असतील. दुसरें एक झाड गुरवांसही नांवानें ठाऊक नव्हतें, "देवीचं झाड" एवढेंच ते म्हणाले.

एकदांच आलेल्या नांवांचें महत्त्व काय? येथें संख्याशास्त्र मोठी सुंदर गोष्ट सांगतें. तैवानच्या ॲन चाओ या विदुषीनें १९८४ सालीं न पाहिलेल्या जातींचा अंदाज करण्याची रीत दिली. समजा, मोजणींत चाळीस जाति मिळाल्या. त्यांतील दहा जातींचें एकेकच झाड मिळालें आणि पांच जातींचीं दोन दोन. तर एकेकट्यांच्या संख्येचा वर्ग करा, शंभर, त्यास जोडीवाल्यांच्या दुपटीनें, म्हणजे दहानें, भागा, उत्तर दहा. म्हणजे आपल्या चौकटींत न सांपडलेल्या निदान दहा जाति त्या रानांत अजून असाव्यात. एकटीं झाडें पुष्कळ असलीं तर समजावें कीं दाराआड आणखी माणसें उभीं आहेत. उलट तीं एकटीं तोडलीं गेलीं, तर पुढच्या मोजणीची वक्ररेषा लवकर आडवी होईल आणि हिशेब पुरा झाल्यासारखा दिसेल.

गुरव लिहितेवाचते बेताचे. परंतु हें सर्व भाचीनें तांदळाच्या दाण्यांनीं जमिनीवर मांडून दाखविलें तेव्हां त्यांना तें आमच्याहून लवकर समजलें. म्हणाले, "म्हंजी जे दिसत न्हाय त्येबी हाय, आन् त्येचा माग ह्या येकट्यांवरनं लागतो." थोडा वेळ ते चुन्याच्या पट्ट्यांकडे पाहत राहिले. मंडप दहा हात पूर्वेस सरकविला तर गारंबी वांचते, पण मग मुख आणि मंडप एका रेषेंत येत नाहींत, अशी अडचण त्यांनीं सांगितली. रस्त्याचें तर त्यांच्या हातीं कांहींच नाहीं. राईची जमीन कागदोपत्रीं सरकारी, वर्गणी शहरांतली, आणि झाडें देवीचीं. शेवटीं ते म्हणाले, नवरात्रांत मुंबईची मंडळी येतील, तेव्हां देवीला कौल लावूं. पण कौल लावण्यापूर्वीं ही यादी मंडळींपुढें वाचावयास ताईनें यावें.

चौथ्या दिवशीं परततांना बनेश्वरास थांबून दशम्यांचें शेवटचें पुडकें सोडलें. भाचीनें मराठी नांवांची यादी सुवाच्य अक्षरांत वेगळी उतरून काढली, लॅटिन नांवें गाळून. अनोळखी झाडाची डहाळी फळ्यांत दाबलेली आहे. पुण्यास हर्बेरियमांतील जुन्या नमुन्यांशीं ती ताडून पाहावयाची आहे, आणि नवरात्राच्या आंत नांव मिळालें तर बरें. वहिनींस आम्हीं सांगितलें कीं रान मोजून संपत नाहीं, किती उरलें तें मात्र मोजतां येतें. त्या म्हणाल्या, "मग घटस्थापनेला घरीं कोण?" हा प्रश्न अद्याप सुटावयाचा आहे.